घड्याळ वेगळं घाला, पण खेळत्या भांडवलातून नाही!



‘जो दिखता है वो बिकता है’ म्हणत धंद्याच्या पहिल्याच वर्षात हप्त्यावर महागडं घड्याळ घेणारे बरेच असतात. माझं मत सरळ आहे: समोरच्यावर छाप किमतीची नाही, निवडीची पडते.

जर्मनीतल्या म्युन्स्टरची माइस्टरसिंगर कंपनी बघा. २००१ साली मानफ्रेड ब्रासलर यांनी ती सुरू केली. त्यांच्या घड्याळाची ओळख म्हणजे एकच काटा! मिनिटकाटा नाही की सेकंदकाटा नाही. डायलवर १४४ रेघा आणि दोन रेघांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. वेळ नेमकी कळत नाही, पण घड्याळ लांबून ओळखू येतं.

आता यातला धंदा समजून घ्या. आतलं यंत्र त्यांनी सुरुवातीला स्वतः बनवलं नाही. स्वित्झर्लंडमधलं खात्रीचं, तयार यंत्र घेतलं आणि सगळं डोकं डायलवर लावलं. तुम्हीही हेच करा. मसाला विकणाऱ्या ताईंनी लगेच कांडप मशीन घ्यायची गरज नाही. गिरणीतून कांडून आणा, प्रमाण मात्र तुमचंच ठेवा.

असं घड्याळ घालायचं कसं? डायल बोलका असेल तर बाकी सगळं गप्प हवं. एकरंगी शर्ट, घड्याळाला साधा चामड्याचा पट्टा आणि त्याच रंगाचे बूट. घड्याळ शर्टाच्या कफाखाली सहज सरकलं पाहिजे. त्याच हातात कडं आणि बोटांत तीन अंगठ्या नकोत. फ्रँक म्युलरच्या ‘क्रेझी अवर्स’मध्ये अंक उलटसुलट असतात आणि तासकाटा उड्या मारतो. लग्नसमारंभात गंमत वाटेल, पण बँकेत कर्ज मागायला जाताना ते घरीच राहू द्या!

आणि पैशाचं काय? घड्याळ कमावून देत नाही. उलट यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च येतोच. म्हणून माझा नियम: पुरवठादारांची देणी चुकती झालेली, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला आणि त्यानंतर उरलेला नफा. एवढं जमलं तर हौस जरूर करा, कष्टाचा पैसा आहे तुमचा.

तोपर्यंत साधं घड्याळ घाला आणि मीटिंगला दहा मिनिटं आधी पोचा. गिऱ्हाईक तेवढं नक्की लक्षात ठेवतं.