तयार घर मळ्यात नेताना

बारामतीच्या पेठेत दुकान आणि इंदापूर तालुक्यात थोडीशी बाग, अशी कित्येक व्यापारी कुटुंबांची जुनी घडी आहे. दुकानाची सूत्रे मुलांच्या हाती गेली, की वडीलधाऱ्यांचे मन डाळिंबाच्या किंवा पेरूच्या बागेकडे ओढ घेते. तेथे चार दिवस राहावे तर निवारा नसतो, आणि पक्के घर बांधावे तर गवंडी, वाळू, पाणी यांचा व्याप मागे लागतो. मग कारखान्यात तयार झालेली खोली ट्रेलरवरून आणून बागेत ठेवावी, असा विचार पुढे येतो. ब्रिटनमध्ये यासाठी ‘स्टॅटिक कॅराव्हॅन’ असते. तिला चाके असली तरी ती एकाच जागी मुक्काम करते. इकडे तिची जागा पोर्टेबल केबिनने आणि जुन्या मालवाहू कंटेनरने घेतली आहे.

खोली पसंत करताना किंमत, रंग, खिडक्या यांची चर्चा पुष्कळ होते. रस्त्याची चर्चा मात्र शेवटी होते. ती सर्वांत आधी व्हावयास हवी. वीस फुटी कंटेनरची रुंदी 2.44 मीटर आणि रिकामे वजन सव्वादोन टनांच्या आसपास असते. सार्वजनिक रस्त्यावर वाहनाची रुंदी सर्वसाधारणपणे 2.6 मीटरपेक्षा अधिक असू नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. आठ फुटी खोली त्यात बसते; दहा फुटी खोली 3.05 मीटर भरते आणि तिच्या वाहतुकीस विशेष परवानगी लागते. दोन फुटांच्या ऐसपैसपणाचे मोल असे रस्त्यावर मोजावे लागते.

अवजड वाहतूक या तालुक्यास नवी नाही. कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद (1882–1953) यांनी साखर कारखान्यासह वालचंदनगर वसविले. तेथील यंत्रशाळेत साखर कारखान्यांची यंत्रे घडली; पुढे अणुऊर्जा प्रकल्पांची अवजड उपकरणे आणि पीएसएलव्ही अग्निबाणाच्या मोटारींची कवचेही घडली. असा माल हलविताना आधी मार्ग मोजतात, मग माल चढवितात. घरच्या खोलीसही हाच न्याय लावावा.

महामार्ग सोपा असतो. खरी कसोटी शेवटच्या अर्ध्या कोसात लागते. नीरा डाव्या कालव्यावरील पूल, चारीवरची मोरी, वाडीतले वळण आणि मळ्याची वाट हे सारे ट्रेलरच्या चालकास घेऊन प्रत्यक्ष पाहावे. ट्रेलरवर ठेवलेल्या खोलीची उंची जमिनीपासून चार मीटरच्या घरात जाते, आणि शेतातील विजेच्या तारा अनेक ठिकाणी खाली झुकलेल्या असतात. अशा तारा बांबूने उचलून गाडी पुढे काढण्याचा मोह जिवावर बेततो. महावितरणकडे आधी अर्ज करून तेवढ्या वेळेपुरता प्रवाह बंद करवून घ्यावा. एक दिवस वाया गेला तरी चालेल. क्रेनवरील मदतनीसही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

काळवेळही पाहावी. पावसाळ्यात काळी जमीन चाके गिळते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात. आषाढी वारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते. ते दिवस टाळणेच शहाणपणाचे. हंगाम संपल्यानंतर आणि पावसाआधी मिळणारा काळ या कामास उत्तम.

जागेवर मुरूम दाबून चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ओटे एका पातळीत करून ठेवावेत. कंटेनर चारही कोपऱ्यांच्या कड्यांतून उचलावा. मध्येच पट्टा घातला तर छत वाकते. त्याच्या नालीदार भिंतीही भार पेलतात, म्हणून मोठी खिडकी कापली तर तेथे लोखंडी चौकटीचा आधार द्यावा. चैत्र-वैशाखात पत्रा तापतो. उष्णतारोधक अस्तर आणि वर वेगळे छप्पर यांचा खर्च पहिल्याच हिशेबात धरावा.

खोलीस पाया नाही, म्हणून परवानगी नको, हाही गैरसमज आहे. शेतइमारत आणि अकृषिक वापर यांत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 भेद करतो. खोली भाड्याने देण्याचा हेतू असेल तर प्रश्न अधिकच निराळा होतो. राज्याचे 2021 चे कॅराव्हॅन धोरण पर्यटनासाठी आहे, घरच्या बागेसाठी नाही. ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात विचारणा करूनच विसार द्यावा.

अखेरीस एक गोष्ट उरते. वळणावरचा कडुनिंब आड आला की घरातील तरुण म्हणतो, ‘‘बाबा, एकच तर झाड आहे.’’ शेजाऱ्याचा बांध आड आला की तो म्हणतो, ‘‘नंतर सांगू काकांना.’’ अशा वेळी वडिलांनी थांबावे, थोडी लहान खोली घ्यावी, आणि बांधावरून जाणे अटळ असेल तर शेजाऱ्याकडे स्वतः जाऊन विचारावे. उजनीचे पाणी चढले तेव्हा पळसदेवच्या लोकांनी गाव हलविले. पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र जागीच राहिले आणि पाणी ओसरले की आजही ते दिसते. तयार खोली उद्या पुन्हा उचलता येईल. तोडलेला कडुनिंब आणि दुखावलेला शेजार यांना ती सोय नाही.