दस्ता माझा, नळी कायद्याची

आमच्या घरात एक जुनी दुनळी बंदूक आहे, हे मी चारचौघांत सहसा सांगत नाही. सांगितले की समोर दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक घाबरलेला, दुसरा चमकलेला. मला भीती वाटते ती दुसऱ्याची.

गेल्या मे महिन्यात असाच एक चमकलेला चेहरा घरी आला. माझा भाचा, पुण्याला असतो. बंदूक हातात घेतली, आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, फार लांब आहे हो ही. नळ्या पुढून थोड्या कापून घेऊ या. सुटसुटीत होईल, उशाशी ठेवता येईल." मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. पोराचा हेतू वाईट नव्हता. सिनेमात पाहिलेले बोलत होता. पण जुनी बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य कधी ना कधी उच्चारले जाते, म्हणून हा लेख.

बंदूक माझ्या वडिलांची. कुडाळ तालुक्यात आमची थोडी भातशेती आणि आंबा-काजूची बाग. रानडुकरे एका रात्रीत वाफा उलथून टाकत, म्हणून वडिलांनी शेतीसंरक्षणाचा परवाना काढला आणि एका निवृत्त अंमलदाराकडून ही जुनी विलायती बंदूक घेतली. बारा बोअरची. हा बारा आकडा कुठून आला ते मला वडिलांनीच शिकवले: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. नळ्या दस्त्यापासून सुट्या करून उलट्या धरल्या की खालच्या सपाट बाजूवर बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे शिक्के दिसतात. नळीत जादा दारू भरून बार काढायचा, फुटली नाही तरच शिक्का मारायचा, हे काम तिथे १८१३ पासून चालत आले आहे. आमच्या बंदुकीवर धूरविरहित दारू चालेल असा शिक्का आहे आणि छऱ्र्यांचे कमाल वजनही कोरलेले आहे. हे शिक्के न वाचता बाजारातले मिळेल ते काडतूस घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. जुन्या बंदुकीचे घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. तिच्यात ७० मिलिमीटरचे काडतूस बसते, आणि घोटाळा तिथेच होतो. ते बसते, पण उडाल्यावर उलगडायला त्याला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

आता नळी कापण्याविषयी. दुनळीच्या नळ्या दिसायला समांतर, पण प्रत्यक्षात तोंडाकडे किंचित जवळ येणाऱ्या असतात, दोन्हींचे छर्रे ठरावीक अंतरावर एकाच जागी पडावेत म्हणून. शिवाय नळीचे तोंड आतून जरासे आवळलेले असते. आमच्या बंदुकीत डावी नळी जास्त आवळलेली आहे, लांबच्या माऱ्यासाठी. चार इंच कापले की ही सगळी कारागिरी भंगारात गेली. आणि कायदा? १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने शांतपणे चहा मागितला.

मग जुन्या बंदुकीत काहीच बदलू नये का? तसे मी म्हणत नाही. बंदूक अंगाला बसावी लागते, सदऱ्यासारखी. वडील सहा फुटी, मी साडेपाच. त्यांचा दस्ता माझ्या खांद्याला अडायचा, त्यामुळे माझा नेम कायम वर जायचा. त्यातच एका निवडणुकीच्या वेळी बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केली, ती परत आली दस्त्याला बोटभर चीर घेऊन. कोणी जबाबदारी घेतली नाही. पावती मात्र बिनचूक होती.

गावातला सुतार हे काम अर्ध्या दिवसात करू शकला असता. त्याने दस्ता उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "मास्तरांनू, अक्रोडाचा लाकूड हय मेळाचा नाय. आणि पोलीस माका धरतले." त्याचे दुसरे कारण जास्त बरोबर होते. बंदूक दुरुस्त करण्याचा धंदाही परवान्याचा आहे. शेवटी कोल्हापूरला एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. त्याने चीर सांधली, दस्ता पाऊण इंच कमी केला, मागे रबराची गादी बसवली, आणि कापलेला तुकडा कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला. "जपून ठेवा, पुढच्याला लागेल." नळ्यांचा तपकिरी रंग घासून चकचकीत करू का, असे मीच विचारले, तर हात जोडले त्याने. त्याच्या दुकानात शिकायला कोणी पोरगा नव्हता.

काही वाचक विचारतील, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, रानडुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी हवी, दसऱ्याला हौसेने हवेत बार काढला तरी आता शिक्षा, मग हवी कशाला ही बला? प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातूनही तो रोज विचारला जातो. मला वाटते, ज्याला जबाबदारी झेपत नाही त्याने बंदूक खुशाल जमा करावी. त्यात कमीपणा नाही. पण ज्याला ती नीट ठेवायची आहे, त्याला सरकारने दारोदार फिरवू नये. वडील १९८७ साली गेले तेव्हा परवाना माझ्या नावावर व्हायला मी इतके हेलपाटे घातले, की मधल्या काळात शेजारच्या एकाने मला सल्ला दिला, "द्या विहिरीत टाकून, कोण विचारतो?" असे सल्ले ऐकणारी माणसेही असतात. विहिरीतली बंदूक कुणीतरी उपसतो, आणि मग तिला मालक नसतो.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी एक चांगले केले. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण हे आमच्या तालुक्यात किती जणांना माहीत आहे? परवान्याच्या नूतनीकरणाला गेलेल्या म्हाताऱ्याला टेबलापलीकडच्या माणसाने एवढे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? मला कोणी सांगितले नाही. मी बाहत्तर वर्षांचा आहे.

मुलगा मुंबईत असतो, त्याला नको आहे. भाच्याला हवी आहे, त्याला मी देणार नाही. बाग सांभाळते ती मुलगी. तिने नियमाप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यायची तयारी दाखवली आहे आणि अर्ज भरला आहे. परवा माझ्यासमोर, माझ्या देखरेखीत, तिने रिकामी बंदूक खांद्याला लावून पाहिली. दस्ता तिला अजून अर्धा इंच लांब होतो. परवाना हाती आला, की पुन्हा कोल्हापूर गाठायचे आहे.