मोबाईलचे मंत्र चालतात, मग बाईचे का नाही?

चतुर्थीच्या सकाळी लालबाग-परळच्या चाळींत गुरुजी मिळणं म्हणजे गर्दीच्या लोकलमध्ये खिडकी मिळणं. दहाचे गुरुजी दीडला येतात. (त्यांच्यावर राग नाही, बिचारे पहाटेपासून जिने चढत असतात.) तोवर कुणीतरी मोबाईलवर यूट्यूब लावून प्राणप्रतिष्ठा उरकून घेतो. कुणाची हरकत नसते. मशीन मंत्र म्हणतं, चालतं!

पण रीतसर पौरोहित्य शिकलेली बाई पुढे आली की लगेच ‘परंपरा’ आठवते. आमच्या मंडळात हेच झालं. विषय चर्चेलाच घेतला नाही, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले.

कुठली परंपरा, राव? पुण्यात शंकरराव थत्त्यांनी १९७०च्या दशकातच बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं. आणि आपल्या दादरचं काय? १९२६ साली सार्वजनिक गणपतीची पूजा अस्पृश्यांच्या हातून का नाही, म्हणून प्रबोधनकार ठाकरे मंडपात उभे ठाकले. डॉ. आंबेडकर, रावबहादूर बोलेही होते. उत्सव सगळ्यांचा, मग पूजा एकाच जातीची कशी, हा साधा सवाल. शेवटी तडजोड झाली: अस्पृश्य कार्यकर्त्याने फुलं द्यायची, भटजींनी ती मूर्तीला वाहायची. म्हणजे हात मूर्तीच्या वीतभर अलीकडे थांबला. शंभर वर्षं होत आली, आपण अजून त्या वीतभरावरच भांडतोय.

ही मक्तेदारी आपलीच खासियत नाही. जुन्या रोममध्ये शकुन बघणारे ऑगर वेगळे, धर्मनियम सांभाळणारे पाँटिफ वेगळे, आणि ज्युपिटरचा पुजारी तर घोड्यावरसुद्धा बसायचा नाही. सगळी पदं खानदानी घराण्यांकडे. इसवी सनपूर्व ३०० मध्ये कायदा झाला आणि चार पाँटिफ, पाच ऑगर सामान्य घरांतून घेतले. देव कोपले नाहीत, रोम वाढतच गेलं. ज्युपिटरचं पद मात्र खानदानींनी सोडलं नाही. खुर्ची तिथेही सुटत नव्हतीच!

पंढरपूर तर आपलंच. २०१४ साली सुप्रीम कोर्टात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, मंदिर समितीने सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. विठोबा आहे तिथेच, विटेवर.

तेव्हा मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, बाईने प्राणप्रतिष्ठा करू नये असं कुठल्या ग्रंथात आहे, ते पान झेरॉक्स काढून चाळीच्या फळ्यावर लावा. नसेल सापडत, तर वर्गणीची पावतीपुस्तकं छापायच्या आधी हा विषय बैठकीत घ्या आणि हात वर करून मतदान होऊ द्या. बायकांचीही मतं धरून.