वजन नव्हे, आधी कंबर मोजा

वस्तीत एखादं म्हातारं माणूस हडकलेलं दिसलं की आपण लगेच म्हणतो, "ह्यांना कसली आलीय शुगर? तो खात्यापित्या घरचा आजार." ही समजूत आधी आपल्या घरांतून काढून टाकली पाहिजे. आधी वॉर्डात नर्स म्हणून आणि आता वस्त्यांत फिरताना शुगरने पाय गेलेले, नजर गेलेले, डायलिसिसला लागलेले कितीतरी म्हातारे मी पाहिले. त्यांतले बरेच अंगाने काडीसारखे होते. हात बारीक, मांड्या बारीक, गाल बसलेले. पोट तेवढं पुढे. त्या पोटाकडे कुणी बघितलं नव्हतं, कारण वजनकाट्यावरचा आकडा 'नॉर्मल' येत होता.

माझं म्हणणं सरळ आहे. साठीच्या पुढच्या माणसाचं नुसतं वजन करून "ठीक आहे" म्हणत घरी पाठवलं, तर ती तपासणी झालीच नाही.

शिबिरात उंची आणि वजन घेऊन बीएमआय काढतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, एवढंच ते गणित. बेल्जियमच्या केतले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ते १८३०च्या दशकात मांडलं. एकेका माणसाची तब्येत ओळखण्यासाठी नाही. 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधण्यासाठी. अंगात चरबी किती, स्नायू किती आणि चरबी साठलीय कुठे, यातलं काही त्यातून कळत नाही. तरुणपणी निदान अंदाज तरी येतो. म्हातारपणी दोन्ही आकडे दगा देतात. मणके दबतात, पाठीला पोक येतं, उंची कमी होते. मांड्यांचे-दंडांचे स्नायू झिजून वजन उतरतं, आणि त्याच वेळी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात चरबी चढत जाते. इकडची झीज आणि तिकडची वाढ एकमेकांत फिटली की काटा जिथल्या तिथे. घरचे खूश, "आईचं वजन दहा वर्षांत हललं नाही!"

आपल्याकडच्या लोकांत हा धोका जास्त आहे, आणि ते दाखवून दिलं पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सारखा, शरीर निराळं. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला कितीतरी कमी, सरासरी २.७ किलोची. हातपाय बारीक, पोट लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे आई अर्धपोटी राहिली तरी बाळाच्या अंगात चरबी जपली जाते, कमी पडतो तो स्नायू. आज आपल्या वस्त्यांत साठीच्या घरात असलेल्यांनी १९७२चा दुष्काळ लहानपणी पाहिलाय. सुकडी खाऊन, खडीच्या कामावर आईच्या मागे बसून ते वाढले. आयुष्यभर कष्ट केले तोवर शरीराने निभावलं. कष्ट सुटले, बसून राहणं आलं, चहा-पाव आला, आणि पोट सुटलं.

दोनेक वर्षांपूर्वी घरकाम करणाऱ्या एका मावशींना भेटले. वय चौसष्ट, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. बीएमआय २०. आदल्या वर्षी एका शिबिरात त्यांच्या कागदावर 'वजन योग्य' असा शिक्का बसला होता आणि गर्दी फार म्हणून बोटातून रक्त काढायचं राहून गेलं होतं. मी टेप लावली तर कंबर ८६ सेंटिमीटर. बायकांसाठी आपल्याकडे ८० ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. मावशींच्या अंगठ्याला महिनाभरापासून जखम होती, चपलेने लागलं म्हणून हळद लावत होत्या. तपासली तेव्हा शुगर तीनशेच्या वर. अंगठा काढावा लागला. वर्षभर आधी कुणी त्यांच्या पोटाला टेप लावली असती, तर रक्त न घेता त्यांना सोडलं नसतं.

टेप लावायची तर नीट लावावी. पुरुष हमखास पँटचा नंबर सांगतात, "बत्तीस." पँट पोटाच्या खाली बांधलेली असते, बाबा, त्या नंबराला अर्थ नाही. बायकांची साडी सैल करून, परकराची नाडी खाली सरकवून मोजावं लागतं, निऱ्यांवरून नाही. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपायची आणि दोन्हींच्या मधोमध टेप फिरवायची. उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही (सगळेच ओढतात, अगदी ऐंशीचे आजोबासुद्धा). टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको.

टेप नसली तर दोरी घ्या. आपल्या उंचीएवढी दोरी कापून ती मधे दुमडायची आणि त्या अर्ध्या दोरीने कंबर वेढायची. टोकं जुळली नाहीत, तर पोट उंचीच्या निम्म्यापेक्षा मोठं आहे आणि तपासणी करायला हवी. इंग्लंडची सरकारी आरोग्य मार्गदर्शिकाही २०२२पासून लोकांना हेच सांगते, कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा. पोक आलेल्या आजीची उंची कशी घेणार? त्यालाही वाट आहे. जुनी माणसं विहिरीचा दोर वावेने मोजायची. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत एक वाव. ती तरुणपणच्या उंचीच्या आसपास, थोडी जास्तच भरते. त्या दोरीने अंदाज घ्या. पोट थोड्या दिवसांत भरभर वाढलं असेल, टणक लागत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर मात्र दोरी बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. ती चरबी नसून पाणी असू शकतं.

आता थोडं सरकारी कागदाबद्दल. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातला आजार यांच्याबरोबर कमरेचा घेर हा रकाना आहे. बाईची कंबर ९०च्या वर किंवा पुरुषाची १००च्या वर असली की २ गुण. एकूण गुण ४च्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. म्हणजे हे दोन गुण किरकोळ नाहीत. पण मी पाहिलेल्या कितीतरी फॉर्मांवर हा आकडा नजरेच्या अंदाजाने टाकलेला असतो. आशाताईंना बोल लावत नाही. त्या आपल्याच पोरी आहेत, डोक्यावर कामाचा डोंगर, हातात किरकोळ मोबदला, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सासऱ्यासमोर सुनेचं पोट मोजायचं कसं? हे सोपं करून देणं वस्तीचंही काम आहे. फॉर्म भरायला कुणी आलं तर "ताई, टेप लावूनच लिहा" असं म्हणा आणि आडोशाला चादर धरा.

दुसरं माप पोटरीचं. हे तर कुणीच घेत नाही. खुर्चीवर बसून, पाय जमिनीला टेकवून पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजायचा. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेली मर्यादा अशी: पुरुषाची पोटरी ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बाईची ३३पेक्षा कमी भरली, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. जेवल्यावर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. पोट मोठं आणि पोटरी बारीक, अशा माणसाची काळजी मला नुसत्या जाड माणसापेक्षा जास्त वाटते.

आणि अशाच माणसाला दवाखान्यात सांगतात, "वजन कमी करा." मग आजी रात्रीचं जेवण सोडते, अंडं गरम पडतं म्हणून सोडते, आणि चार वेळचा साखरेचा चहा मात्र चालूच. वजन उतरतं ते पायांतून. पोट तसंच राहतं, आणि एक दिवस मोरीत पडून खुब्याचं हाड मोडतं. या वयात उपाशी राहून काही साधत नाही. भाताचा ढीग अर्धा करा, त्या जागी डाळ, उसळ, अंडं, सुकट येऊ द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारून. चहातली साखर तोडा. रोज चाला, आणि खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा; दुखत असेल तर पाच वेळा.

डाळ-अंडं आणायचं कुठून, हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, ते गहू-तांदूळ. सणाला 'आनंदाचा शिधा' आला त्यात चणाडाळ होती, पण तिच्याबरोबर साखर, रवा आणि पामतेल. ज्यांच्या पोटावर चरबी चढतेय त्यांनाच स्वस्तात साखर-तेल आणि डाळीचं दर्शन सणापुरतं, हे धोरण आजार वाढवणारं आहे. रेशनवर दर महिन्याला डाळ मागायला हवी, आणि ती मागणी आरोग्याची म्हणून मागायला हवी.

तोवर हातातलं काम. रविवारी वंदनेला विहारात माणसं जमतातच. शिंप्याची टेप महाग नसते. जयंतीच्या वर्गणीतून दोन-चार घ्या, डीजे तेवढ्याने बंद पडणार नाही. एका कोपऱ्यात पडदा लावा, बायकांचं माप बाईनेच घ्यावं. वहीत नाव, कंबर, उंची, पोटरी लिहा, दर सहा महिन्यांनी पुन्हा. ज्यांची कंबर मर्यादेच्या वर, त्यांना घेऊन त्याच आठवड्यात पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात जा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, रक्तदाब, जमलं तर चरबीची तपासणी. आणि केसपेपरवर वजनाच्या शेजारी कमरेचा आकडा लिहून घ्या. डॉक्टर म्हणाले, "वजन तर ठीक आहे," तर वही पुढे करा.