भूत न मानणाऱ्याची भीती

भयपट घाबरवतो तो भूत मानणाऱ्यालाच. डोके ठिकाणावर असलेल्याने तो खुशाल शेंगदाणे खात पाहावा, असा एक समज पुण्यात पक्का आहे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे मोठे केंद्र असलेल्या आणि नरेंद्र दाभोलकरांनी जिथून ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादन केले त्या शहरात तो रुजावा, यात नवल नाही. पण तो दोन्हीकडून तुटतो. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) किंवा स्पीलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) भूत औषधालाही नाही, तरी हे दोन्ही चित्रपट भल्याभल्या नास्तिकांना घाबरवून गेले. उलट बाजूला वेताळ टेकडी आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. टेकडीवर त्याचे मंदिर आहे आणि सकाळी फिरायला येणारे पुणेकर त्याला हात जोडून निवांतपणे पुढची चढण चढतात. मानणे वेगळे आणि घाबरणे वेगळे.

खोटे आहे हे ठाऊक असूनही भय कसे वाटते, याचा विचार रसमीमांसक अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वीच केला होता. भयानक रसासाठी त्याने ‘शाकुंतला’तले, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरीण घेतले. प्रेक्षक हरीण नसतो आणि बाण त्याच्यावर रोखलेला नसतो. पण ते भय कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते, म्हणून ते त्याला जाणवते. न मानणाऱ्याची भीती इथे उलगडते. उलगडत नाही ते एवढेच, की एकाच रांगेतल्या दोघांपैकी एकाची झोप का उडते आणि दुसरा जांभया का देतो.

त्यावर तंत्र जाणणाऱ्यांचे एक तयार उत्तर असते: सगळी करामत आवाजाची आणि अचानक समोर येणाऱ्या चेहऱ्याची. हे उत्तर भीतीचे नसून दचकण्याचे आहे. मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. त्याला कथा लागत नाही, वाऱ्याने दार आपटले तरी पुरते. दचकतात सगळेच आणि त्या दचकण्याचा परिणाम अलका टॉकीजबाहेरच्या चौकातला सिग्नल सुटेपर्यंत ओसरलेला असतो. ‘तुंबाड’ची जन्मकथा तर या मताला थेट छेद देते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात मित्राने भयकथाकार नारायण धारपांची एक कथा तोंडी सांगितली. पार्श्वसंगीत नाही, पडदा नाही. पण ती अशी काही मनात बसली की तिच्यातून २०१८ मध्ये चित्रपट उभा राहिला. आवाजाचे महत्त्व अर्थातच नाकारता येत नाही. ‘सायको’तले न्हाणीघराचे दृश्य हिचकॉकला आधी संगीताविना हवे होते, बर्नार्ड हर्मनच्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांनी त्याचे मत बदलले. पण आवाज धार लावतो, पाते आधी असावे लागते.

ते पाते म्हणजे प्रेक्षकाने निर्धास्तपणे गृहीत धरलेली एखादी गोष्ट. तिच्यावरच घाला येताना दिसला की भीती वाटते. ‘तुंबाड’मध्ये साखळदंडाने बांधून ठेवलेल्या आजीला खाऊ घालण्याचे काम एका रात्री पोरावर, विनायकवर, येऊन पडते. मराठी घरात घास भरवणारी असते आजी. इथे घास पोराने न्यायचा आहे आणि भुकेलेल्या आजीच्या तावडीतून स्वतःला वाचवायचेही आहे. पुढचा खजिना, लोभी देव हस्तर, कणकेच्या बाहुल्या हे सगळे देखणे आहे. भय मात्र सर्वात गडद आहे ते त्या खोलीत. शनिवारवाड्याची आख्यायिकाही याच जातीची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी जेमतेम अठरा वर्षांच्या पेशवे नारायणरावांना गारद्यांनी वाड्यातच मारले. रात्री ऐकू येते म्हणतात ती हाक काकाला मारलेली आहे. गोष्टीत तलवारी आहेत, पण अंगावर काटा येतो तो ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचाच घातात हात होता म्हणून.

गृहीत धरलेल्या गोष्टी वयाप्रमाणे बदलतात. मुलांच्या भीतीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील जोअॅन कँटर यांना आढळले, की लहान मुले भेसूर दिसण्याला भितात आणि मोठी मुले खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींना. ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू हा बाहुला मोठ्यांना हसवत होता, लहानग्यांना मात्र तो खेळण्यांच्या कपाटात बसलेला वाटे. बाहुली जिवंत होत नाही, याची त्या वयात खात्री नसते.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) एकाच चित्रपटाच्या अनेक भीती दिसतात. आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एकाकी घरात येते. शहरी प्रेक्षकाला भीती वाटते त्या उसाची, डोक्याच्या वर गेलेल्या आणि भरदिवसाही वाट न दाखवणाऱ्या. गरोदर बाईची सगळी भीती पोटाशी एकवटते. आणि तिसरा एक प्रेक्षक आहे. नाट्यशास्त्रकार भरताने भयाच्या प्रकारांत अपराधातून येणारे भय वेगळे काढले आहे. ‘लपाछपी’च्या मुळाशी मुलींची हत्या आहे आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. ज्याच्या घरात हा हिशेब झाला आहे त्याला पडद्यावरची गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

खरे भय परदेशी चित्रपटांतच, ही तक्रार फार वेळ घेण्याजोगी नाही. ‘तुंबाड’मागची धारपांची ‘आजी’ ही कथाच स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून सुचलेली. अमेरिकेतली म्हातारी पुण्याच्या लेखकाकडे आली, मराठी आजी झाली आणि तिथून ‘तुंबाड’मध्ये गेली. उसनवारी झाली ती प्रसंगाची. भीती दर वेळी इथल्या घरातच शोधावी लागली.

उरतो शेवटचा आक्षेप: भीती ज्याची त्याची, तेव्हा तिच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. पण ज्याची त्याची असली तरी ती वाटेल तशी नसते. वय, घर, शरीराची अवस्था आणि मनातला अपराध यांवरून कोण कुठे घाबरेल याचा अंदाज बांधता येतो, आणि तो बहुधा बरोबरही येतो. यात सोबतही धरावी लागते. भरलेल्या थिएटरात मागून कोणी एक पुणेरी टोमणा मारला की हशा पिकतो आणि नेमक्या क्षणाचा विचका होतो. आजूबाजूला माणसे आहेत, एवढी खात्री भीती ओसरायला पुरते. तोच चित्रपट रात्री एकट्याने, कानांत हेडफोन घालून मोबाइलवर पाहणाऱ्याकडे ही खात्री नसते. पडदा वीतभर असूनही तो जास्त घाबरतो.