मानलेल्या बहिणी

‘सोरोरिटी’ हा शब्द परदेशी शिकणाऱ्या नातींच्या, भाच्यांच्या बोलण्यातून आता आपल्या घरांतही येऊ लागला आहे. लॅटिन भाषेत ‘सोरोर’ म्हणजे बहीण. संस्कृतातील ‘स्वसृ’ हे त्याचेच सख्खे भावंड. अमेरिकेतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली एकत्र येऊन जे भगिनीमंडळ स्थापन करतात, ते म्हणजे सोरोरिटी. मंडळाचे नाव बहुधा ग्रीक अक्षरांचे असते. प्रवेशाच्या वेळी शपथ घ्यावी लागते, आणि त्या दिवसापासून परक्या गावात आलेल्या मुलीला हक्काच्या बहिणी मिळतात.

यात नटण्यामुरडण्याचा, मेजवान्यांचा आणि मोठेपणा मिरविण्याचा भाग पुष्कळ असतो, हे आम्ही नाकारीत नाही. काही ठिकाणी नवागत मुलींचा छळही झालेला आहे. परंतु या प्रथेची एक शाखा अशी आहे की तिची हकीकत आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी.

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली, गुलामगिरी संपल्यानंतर लवकरच स्थापन झाले. गोऱ्यांच्या बहुतेक महाविद्यालयांची दारे कृष्णवर्णीयांना बंद असल्याच्या त्या काळात तेथे शिकणाऱ्या मुली मोजक्याच होत्या. १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन या विद्यार्थिनीच्या पुढाकाराने त्यांच्यापैकी काहींनी ‘आल्फा कॅप्पा आल्फा’ हे मंडळ काढले. पाच वर्षांनी, १९१३ च्या जानेवारीत, कार्य अधिक व्यापक व्हावे या इच्छेने २२ जणींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ हे दुसरे मंडळ स्थापिले. त्यांचे पहिले सार्वजनिक कार्य कोणते? दोनच महिन्यांत, ३ मार्च रोजी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चात सामील होणे!

या मंडळांचे वैशिष्ट्य असे की पदवी मिळाली म्हणून नाते संपत नाही. मुली शिक्षिका होतात, डॉक्टर होतात, संसारात पडतात. तरी गावोगावच्या पदवीधर शाखांतून त्यांचे काम चालूच राहते. याचे उत्तम उदाहरण मिसिसिपी राज्यातील आहे. १९३४ साली आयडा जॅक्सन यांच्या पुढाकाराने तेथे ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालविण्यात आला. तेव्हा ध्यानात आले की, देह रोगाने पोखरलेला असताना नुसत्या पाटी-पुस्तकाने भागणार नाही. पुढच्याच वर्षी डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली आरोग्यमोहीम सुरू झाली. वर्णभेदामुळे रेल्वेचा प्रवास सन्मानाने करणे अशक्य, म्हणून या भगिनी आपापल्या मोटारींतून शेकडो मैल गेल्या. कापसाच्या मळ्यांचे मालक साशंक. मजुरांना दवाखान्यात येऊ देण्यास ते तयार नव्हते. तेव्हा या बायकांनी दवाखानाच मोटारींत भरला आणि मळ्यामळ्यांतून नेला! पोरांना देवी व घटसर्पाच्या लसी टोचल्या, आयांना आहाराच्या आणि स्वच्छतेच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे मोहीम थांबेपर्यंत वर्षानुवर्षे त्या आपल्या सुटीचे दिवस असे वेचीत राहिल्या.

अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस १९८० च्या दशकात हॉवर्डमध्ये शिकत असताना याच ‘आल्फा कॅप्पा आल्फा’च्या सदस्य झाल्या. त्यांची आई मूळची मद्रासची, वडील जमेकाचे. दोन दूरदेशींच्या आईबापांच्या या लेकीलाही तेथे बहिणी लाभल्या.

योगायोग पाहा. तिकडे १९०८ साली हे मंडळ निघाले, आणि पुढच्याच वर्षी इकडे रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन स्थापिले. दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. पण जाणीव एकच, की स्त्रीला स्वतःचे असे स्थान जे मिळते ते इतरांच्या उपयोगी पडल्याने.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. बडोदे असो की इंदूर, ग्वाल्हेर असो की हैदराबाद, मराठी महिला मंडळाचे हळदीकुंकू आपल्याला ‘आपण’ असल्याची ग्वाही देते. ती गोडी आम्हांस प्रिय आहे. परंतु तिळगुळाची वाटी आपल्याच ओळखीच्या घरांत फिरून परत आली, तर आपलेपणाही तेवढ्याच घरांपुरता उरतो. आपल्या शहरात शिकण्यासाठी आलेली, वसतिगृहाच्या खोलीत एकटी बसलेली मुलगी, मग तिची मातृभाषा कोणतीही असो, कोणाची बहीण? शेजारच्या वस्तीत लहान मुलांना लस टोचून घ्यावयाची आहे, तेथे सोबतीला कोण जाणार?

मंडळाच्या येत्या बैठकीत वाण कोणते लुटावे याची चर्चा होईलच. तिच्याबरोबर या दोन प्रश्नांनाही विषयपत्रिकेवर जागा द्यावी, एवढीच आमची विनंती. रक्ताच्या बहिणी दैव देते. मानलेल्या बहिणी मात्र एकत्र कामाला लागल्यानेच मिळतात.