सर्वांच्या वर्गांत प्रश्नाचें स्थान

अंध, बहिरीं, मंदगतीनें शिकणारीं अशीं मुलें इतर मुलांसमवेत एकाच वर्गांत शिकावीं, हा विषय आतां केवळ दयेचा राहिलेला नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीं २०१६ सालीं झालेल्या कायद्यानें एकवीस प्रकारचें अपंगत्व मान्य केलें, आणि सरकारी मान्यता वा साहाय्य असलेल्या शाळांनीं अशा मुलांस भेदभाव न करितां सामावून घ्यावें, असें धोरण घालून दिलें. तथापि बांकावर जागा मिळणें निराळें आणि पाठांत जागा मिळणें निराळें. ही दुसरी जागा कशी मिळेल, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

शिक्षक व्याख्यान देतो, फळ्यावर लिहितो आणि मुलें उतरून घेतात, या रीतींत ज्ञान येण्याच्या वाटा दोनच: कान आणि डोळे. ज्याची वाट बंद, तो वर्गांत असूनही बाहेरच राहिला. उलट, शिक्षकानें प्रथम प्रश्न ठेवावा आणि उत्तर मुलांनीं वस्तु हाताळून शोधावें, असें केल्यास वाटा अनेक होतात.

उदाहरणार्थ, ‘बीं रुजण्यास काय लागतें?’ हा प्रश्न घ्या. बहुतेक मुलें ‘माती आणि ऊन’ असें चटकन सांगतील. मग चार-चार मुलांच्या गटास मटकीचे दाणे द्यावे. कांहीं दाणे कोरडे ठेवावे, कांहीं ओल्या फडक्यांत बांधून बंद कपाटांत ठेवावे, कांहीं पाण्यांत पूर्ण बुडवून ठेवावे. ज्यास दिसत नाहीं तो बोटांनीं फुगलेला दाणा व मोड ओळखील, आणि बुडालेले दाणे कुजूं लागल्याचें त्यास वासावरून कळेल. ज्यास ऐकूं येत नाहीं तो रोज चित्र काढील. ज्यास वाचन कठीण जातें तो मोड आलेल्या दर दाण्यास एक खडा मांडील, आणि त्याचीच मोजणी सर्व गट वापरील. मातीवांचून व उन्हावांचूनही मोड येतात, परंतु हवेवांचून दाणा कुजतो, हें शेवटीं सर्वांस कळेल. आणि त्या ज्ञानांत प्रत्येकाचा वांटा असेल.

याचा अर्थ मुलांस मोकळें सोडावें, असा नव्हे. अंध मुलास ओळखतां यावें म्हणून भांड्यांस एक, दोन, तीन गांठींचे दोरे बांधावे. बहिऱ्या मुलास प्रश्न लिहून द्यावा. लांब सूचनेनें गोंधळणाऱ्यास एका वेळीं एकच काम सांगावें. पाळीपाळीनें कामें वांटून न दिल्यास एक हुशार मुलगा सर्व उरकतो आणि बाकीचे नुसते उभे राहतात.

साध्या शाळांत हें जमेल काय? मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांतून अशा पद्धतीनें विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला. मुलें गटांत प्रयोग करीत; पुस्तकांत तयार उत्तरें नसत; परीक्षेस पुस्तक उघडण्याची मुभा असे. २००२ सालीं सरकारनें तो उपक्रम बंद केला. तो अपंग मुलांसाठीं योजिलेला नव्हता. परंतु खेड्यांतील शाळांत स्वस्त सामानानें मुलें शोध करूं शकतात, एवढें त्यानें निश्चित दाखविलें.

पालकांची शंका आम्हांस ठाऊक आहे: ‘यानें आमचा हुशार मुलगा मागें पडेल, अभ्यासक्रम पुरा होणार नाहीं.’ वेळ अधिक लागतो, हें खरें. म्हणूनच प्रत्येक पाठ असा शिकवावा, असा आमचा आग्रह नाहीं. पाढे व शुद्धलेखन सांगून आणि सरावानेंच येतात. परंतु ज्या कल्पनांवर पुढील अनेक पाठ उभे राहतात, त्यांवर चार दिवस घालविणें तोट्याचें नाहीं. शिवाय स्वतः पाहिलेलें सोबत्यास समजावून सांगतांना हुशार मुलाचीही समजूत पक्की होते, कारण पाठ केलेलें वाक्य तेथें पुरत नाहीं.

तेव्हां पालकबंधुभगिनींस आमची विनंति अशी कीं, मुलानें चार दिवस मटकी भिजविली असें सांगितल्यास रागावण्यापूर्वीं एकदां त्याच्याकडून ती हकीकत पूर्ण ऐकून घ्यावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या सोबत्याचीं बोटें अजून दाणे चांचपीत असतील, तर भांडें ओढून घेऊं नका. कदाचित् तुमच्या डोळ्यांनीं सोडलेलें त्याच्या बोटांस सांपडत असेल.